बिदेसिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘बिदेसिया’ बघायला चला म्हटलं की आमची मराठी मित्रमंडळी आधी भुवया उंचावतात आणि मग प्रश्न विचारतात. प्रयोग बघून आल्यावर आणखी विचारतात. तीच तीच उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाच इथे लिहून ठेवतो. मी भोजपुरीचा अभ्यासक वगैरे नाही. डोंबिवलीत राहणारा, नाटकं बघणारा आणि जमेल तशी पेटी वाजवणारा माणूस आहे, एवढं लक्षात ठेवूनच वाचा.

बिदेसिया म्हणजे नक्की काय? नाटक, तमाशा की गाण्यांचा कार्यक्रम?

तिन्ही. बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या कुतुबपूरचे भिखारी ठाकूर (१८८७–१९७१) यांनी रचलेलं हे भोजपुरी संगीत नाटक आहे. ज्या प्रकारात ते सादर व्हायचं त्याला तिकडे नुसतं ‘नाच’ म्हणतात. आपल्याकडे तमाशा म्हटलं की गण, गौळण, बतावणी, वग सगळं आलं, तसंच तिकडे नाच म्हटलं की गाणी, नृत्य, थट्टामस्करी आणि नाटक हे सगळं त्यात धरलेलं असतं. शामियान्याखाली चौक्या जोडून केलेलं व्यासपीठ, तिथेच एका अंगाला बसलेले वादक, आणि दिवेलागणीनंतर सुरू झालेला खेळ पहाटेला संपायचा. हे नाटक इतकं गाजलं की पुढे ‘बिदेसिया’ हे त्यातल्या चालीचं नाव झालं आणि हळूहळू एका नाट्यशैलीचंही.

गोष्ट काय आहे? शेवट फोडणार असाल तर आधीच सांगा.

फोडणार आहे. ही गोष्ट शेवट कळल्याने बिघडत नाही.

एक तरुण नवरा. बायको नुकतीच सासरी नांदायला आलेली, तिचं नाव प्यारी सुंदरी. त्याला कलकत्त्याला जायचंय. ती नको म्हणते, रडते, अडवते. तो तिची नजर चुकवून निघून जातो. कलकत्त्यात कमाई सुरू होते आणि दुसऱ्या एका बाईबरोबर संसारही. गावात प्यारी वाट बघत राहते. एक दिवस कलकत्त्याकडे निघालेला एक वाटसरू तिला भेटतो. तिकडे वाटसरूला ‘बटोही’ म्हणतात. ती त्याच्याकडे निरोप देते. बटोही त्या माणसाला शोधून काढतो, चांगला फैलावर घेतो आणि परत पाठवतो. इकडे गावातला एक टोळभैरव नात्याने दीर लागतो म्हणून प्यारीला छळत असतो, तिला तेही निस्तरावं लागतं. शेवटी नवरा घरी येतो. त्याच्या मागोमाग कलकत्त्याची बाईही दोन पोरांना घेऊन त्याच दारात येते. आणि प्यारी तिला घरात घेते.

यात ज्याला खरं नाव म्हणावं असं कुणालाच नाही, हे बघा. नवरा म्हणजे ‘बिदेसी’, वाटसरू म्हणजे ‘बटोही’, दुसरी बाई ‘रखेलिन’. प्यारी सुंदरी हेसुद्धा विशेषणच. सारणमधल्या कुठल्याही घराने आपली माणसं त्यात बसवून घ्यावीत, अशी सोय आहे ती.

‘बिदेसिया’ म्हणजे परदेशी गेलेला ना? मग तो कलकत्त्यालाच कसा जातो?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. भोजपुरीत ‘बिदेस’ म्हणजे पासपोर्ट लागतो तो देश नव्हे. आपला मुलूख सोडला की पुढे सगळा बिदेसच. बिदेसिया म्हणजे घर सोडून गेलेला, आणि त्याला आर्जवाने मारलेली हाकही तीच. ओळीच्या शेवटी ‘बिदेसिया’ येतं ते हाक म्हणूनच.

आता आपल्याकडचा शब्द घ्या. उत्तरेतून महाराष्ट्रात येऊन वसलेल्या लोकांना मराठीत पिढ्यानपिढ्या ‘परदेशी’ म्हणत आले. कित्येक घरांचं ते आडनावच होऊन बसलं. पुण्या-नगराकडे शाळेत आपल्या वर्गात एखादा परदेशी असायचाच, आणि तो परदेशी का, हे विचारायचं कुणाला सुचायचं नाही. म्हणजे जो माणूस तिकडे बिदेसिया तोच इकडे परदेशी. जिथून निघाला तिथेही तो बाहेरचा आणि जिथे पोचला तिथेही. हल्ली आपण त्याला ‘भैया’ म्हणतो. त्याच्या भाषेत तो भावाला मारायच्या हाकेचा शब्द आहे. आपण त्याचं काय केलंय ते आपल्याला ठाऊक आहे.

पण कलकत्ताच का?

गंगा आणि घाघरा यांच्या बेचक्यातला सारण हा दाट वस्तीचा जिल्हा. जमिनीचे तुकडे होत गेलेले, वर जमीनदारी, आणि नदीच्या पुराचा भरवसा नाही. त्यात रेल्वे आली. हुगळीच्या दोन्ही तीरांवर ज्यूटच्या गिरण्या उभ्या राहिल्या, त्यांना हात हवे होते. गिरणी, हमाली, दरवानी, जे मिळेल ते करायला गडी ‘पूरब’ला जायचे. बायका-पोरं, म्हातारे मागे. शहरातल्या खोलीत आठ-दहा पुरुषांची बिऱ्हाडं, गावात मनीऑर्डरची वाट. कोकणातल्या वाचकांना वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच्याही आधीपासून ‘गिरमिट’ होतं. ॲग्रीमेंट या शब्दाचं ते भोजपुरी रूप. करारावर अंगठा देऊन माणसं मॉरिशस, त्रिनिदाद, सुरीनाम, फिजीला ऊस तोडायला गेली आणि बहुतेक परतली नाहीत. ती भरती १९१७ साली थांबली. साधारण त्याच सुमारास भिखारी ठाकूर यांनी आपली मंडळी उभी केली. म्हणजे समोर बसलेल्या प्रेक्षकांत ज्याच्या घरातलं कुणी गेलेलं नाही असं माणूस शोधावं लागलं असतं. भोजपुरी लोकगीतांत तर रेल्वेलाच सवत म्हटलंय. नवऱ्याला पळवून नेणारी ती.

ठाकूर म्हणजे जमीनदार का?

नाही. बिहारमध्ये न्हावी समाजातही ठाकूर लावतात. भिखारी ठाकूर जातीने न्हावी.

आणि ‘भिखारी’ या नावाला हसू नका. आपल्याकडे भिकाजी, भिकू, धोंडू, दगडू ही नावं का ठेवत, ते आजीला विचारा. दृष्ट लागू नये म्हणून.

ते स्वतः कधी गाव सोडून गेले होते?

हो. लहानपणी गुरं राखली, शाळा नावापुरतीच झाली, अक्षरओळख बऱ्याच उशिरा. मग वस्तऱ्याची पेटी घेऊन खरगपूरला गेले. तिकडे रामलीला पाहिली, पुढे जगन्नाथपुरीला जाऊन आले. परत येईपर्यंत डोक्यात नाटक शिरलं होतं. तिशीच्या आसपास मंडळी काढली. घरच्यांना ते आवडलं नाही, गावातल्या वरच्या जातींना तर नाहीच. नावाजलेला कलावंत झाल्यावरही त्यांना ‘भिखरिया’ म्हणून हाक मारणारे होतेच.

माझा एक तर्क आहे, पटला तर घ्या. न्हाव्याचं काम फक्त हजामतीचं नसे. लग्नाची बोलावणी, बऱ्यावाईटाचे निरोप घेऊन गावोगाव जाणं हेही त्याच्याकडे असे. दोन घरांमधला निरोप्या. नाटकातला बटोही मला तिथून आलेला वाटतो. प्यारीचा तो कुणी लागत नाही. वाटेने चाललेला परका माणूस, आणि गोष्टीत जे काही बरं घडतं ते त्याच्यामुळे.

संगीत कसं असतं? लावणीसारखं?

ठेका कधीकधी तुम्हाला आपला वाटेल, पण चाल वेगळी. ढोलक, झांजा, हार्मोनियम, तबला, जुन्या मंडळींत सारंगीही. पूरबी, बिरहा, चौपाई, दोहा असं काय काय एकामागून एक येतं, आणि सामान्य बोलणं कधी गाण्यात शिरलं ते कळत नाही. आपल्या संगीत नाटकासारखं ‘आता पद सुरू’ असं होत नाही.

त्यातला बारमासा कान देऊन ऐका. प्यारी बारा महिन्यांचं विरहगाणं गाते. आषाढात काय होतं, श्रावणात काय, फाल्गुनात काय. बारा महिने म्हणजे बारा कडवी, आणि प्रत्येक महिन्यात करायचं असलेलं एक काम किंवा साजरा करायचा एक सण, जो नवऱ्याशिवाय होत नाही. पेटीवर मी ही चाल बसवायचा प्रयत्न केला. सूर सगळे सापडले, चाल सापडली नाही. आमच्या इमारतीचे रखवालदार छपऱ्याकडचे, म्हणजे सारणचेच आहेत. एकदा खिडकीतून ऐकलं आणि वर येऊन म्हणाले, साहेब, तुम्ही ओळ संपवता. ओळ संपवायची नाही, सोडून द्यायची. म्हणून दाखवली. शेवटचा स्वर त्यांनी असा टाकला, जसा बादली विहिरीत सोडतात. मग बहुधा लाजले आणि गाडीचा हॉर्न वाजला म्हणून गेट उघडायला पळाले.

बायकांची कामं पुरुष करतात, हे विचित्र नाही वाटत?

बालगंधर्वांचं नाव घेताना कानाला हात लावणाऱ्यांनी हे विचारावं, याची मला गंमत वाटते. बालगंधर्व १८८८चे, भिखारी ठाकूर १८८७चे. दोघं एकाच काळात, देशाच्या दोन टोकांना, पुरुषांना शालू नेसवून बायका उभ्या करत होते. आपल्या बायकांनी बालगंधर्वांची नऊवारी नेसायची ढब उचलली. तिकडे मात्र स्त्रीवेषात नाचणाऱ्याला ‘लौंडा’ म्हणतात, आणि तो शब्द आजही शिवीच्या अंगाने वापरला जातो. फरक कलेत कमी आणि जातीत, पैशात जास्त. नाचातले बहुतेक कलाकार दलित किंवा इतर मागास जातींतले, दिवसा शेतावर मजुरी करणारे. आपल्या तमाशातल्या नाच्याचं जे झालं तेच.

भिखारी ठाकूर यांच्या मंडळीत अगदी पोरवयात आलेले रामचंद्र मांझी नव्वदीपर्यंत नाचत होते. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, २०२२ मध्ये ते गेले. त्यांचे व्हिडिओ मिळतात. कमरेत वाकलेले आजोबा पदर सावरतात आणि पुढच्या क्षणी आजोबा दिसेनासे होतात. ते एकदा बघा आणि मग हा प्रश्न पुन्हा विचारा.

निरोपाचा प्रसंग इतका का गाजतो?

तिच्याकडे फोटो नाही, पत्ता नाही. अनोळखी वाटसरूला नवरा ओळखता यावा म्हणून ती त्याचं वर्णन करते. डोळे असे, नाक असं, चालतो असा. आणि बटोही तेवढ्यावर एवढ्या अफाट शहरात त्याला शोधायला निघतो.

मी पाहिलेल्या एका प्रयोगात प्यारीचं काम करणारा नट हे वर्णन करताना हवेत हातांनी नवऱ्याचा चेहरा घडवत होता, कुंभार मडक्याला थापटतो तसा. बटोही त्या रिकाम्या जागेकडे टक लावून बघत होता. शेवटी त्याने तो न दिसणारा चेहरा अलगद उचलला, गमछात गुंडाळला आणि खांद्यावर टाकून चालू लागला. माझ्या शेजारी बसलेल्या काकूंना भोजपुरीचं अक्षर कळत नव्हतं. त्या पदराने डोळे पुसत होत्या.

यात काही आध्यात्मिक अर्थ आहे म्हणतात, तो काय?

तो भिखारी ठाकूर यांनीच सांगितलाय. बिदेसी म्हणजे ब्रह्म, प्यारी म्हणजे जीव, रखेलिन म्हणजे माया आणि बटोही म्हणजे धर्म. हे सांगून ते मोकळे होतात आणि पुढे चांगलं चुलीचं आणि उधारीचं नाटक करतात.

मला यात थोडी चतुराईही दिसते. गाववाल्यांच्या तोंडावर त्यांच्याच घरातली लक्तरं मांडायची, तर वर अध्यात्माची शाल पांघरलेली बरी. अर्थात भक्तीही खरी असणार. दोन्ही असू शकतं.

नवरा नामानिराळा राहतो आणि सवतीला घेण्याचा मोठेपणा बायकोने दाखवायचा. हे बायकांवर अन्यायाचं नाही का?

आहे. हा प्रश्न दर वेळी येतो, बहुतेक वेळा बायकांकडून, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. बिदेसीला शिक्षा अशी होतच नाही. बटोहीच्या शिव्या खातो, थोडा शरमतो आणि दोन्हीकडून सुटतो. मला शेवट पूर्ण पटत नाही.

तरी मंचावर काय घडतं ते नीट बघावं. दार प्यारीच्या हातात आहे. रात्री नवरा दार वाजवतो तेव्हा ती पटकन उघडत नाही. तो मेला दीर आला असेल, चोर असेल. जिच्यासाठी आपण घरधनी आहोत असं हा समजतो, तिच्या लेखी या क्षणी तो दाराबाहेरचा अनोळखी आवाज आहे. स्वतःच्या घरी त्याला ओळख पटवावी लागते. परदेशात राहून आलेल्या कुणालाही हा प्रसंग टोचेल.

मग दुसरी बाई येते. तिचंही शहरात काही उरलेलं नाही.  दोन पोरं, अनोळखी गाव, अनोळखी बोली. आता तीच बिदेसी. प्यारी तिला विचारते, ऐकून घेते आणि आत घेते. त्या वेळी दोघी एकमेकींशी बोलत असतात आणि तो बाजूला उभा असतो. त्याच्याकडे कुणी परवानगी मागत नाही. मला प्यारीत देवीपण दिसत नाही. माणूस गेला की मागे बाईचं काय होतं, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. म्हणून ती उघडते, असं मी समजतो. तुम्हाला वेगळं वाटलं तर भांडायला या, चहा माझ्याकडून.

म्हणजे ‘गाव सोडू नका’ असा उपदेश आहे?

उपदेशाच्या जागा आहेत, पण मंडळी स्वतः फिरस्ती होती. कलकत्ता, आसामचे चहामळे, जिथे जिथे भोजपुरी मजूर गेले तिथे हा नाच गेला. ज्यांनी घरं सोडली त्यांनाच पैसे देऊन हे बघायचं होतं. ‘या परत’ असं ऐकावंसं वाटणं आणि परत जाता येणं यात अंतर आहे. लोकमान्य टिळक टर्मिनसला छठच्या आधीची गर्दी एकदा बघून या.

हे आवडलं तर पुढे काय बघू?

‘गबरघिचोर’. इथेही नवरा बाहेरगावी गेलेला. मागे बायकोला गावातल्याच एकापासून मुलगा होतो. मुलगा मोठा झाल्यावर नवरा येऊन त्याच्यावर हक्क सांगतो, तो दुसराही सांगतो, आईही सांगते. पंच बसतात आणि मुलाचे तीन तुकडे करून वाटायची भाषा होते. त्याआधी आई पंचांपुढे बाजू मांडते ती अशी : माझ्या घरात पाच शेर दूध होतं, कुणीतरी त्यात विरजणाचं बोट लावलं, तर तूप कुणाचं?

एका न्हाव्याने, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, भर गावात हे बाईच्या तोंडी घातलंय. ‘बेटी बेचवा’ही आहे, पैसे घेऊन पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधण्यावर. ते बघायला छाती लागते.

भोजपुरी येत नाही. कळेल का?

हिंदी येत असेल तर अर्धं कळेल, उरलेलं नट कळवतात. गोष्ट आधी वाचून जा. शहरी नाट्यगृहातले प्रयोग दोन-अडीच तासांत आटोपतात, रात्रभर जागायला लागत नाही.

‘बिदेसिया’ नावाचा सिनेमा आहे, तोच बघितला तर?

१९६३चा आहे. त्यात भिखारी ठाकूर स्वतः थोडा वेळ दिसतात, तेवढ्यासाठी जरूर बघा. सिनेमाची गोष्ट मात्र वेगळी आहे. वाचायचंच असेल तर बिहार राष्ट्रभाषा परिषदेने काढलेली त्यांची रचनावली आहे. लिपी देवनागरीच असल्याने आपल्याला अडखळत का होईना वाचता येते.

पैसे उडवायचे असतात का?

गावाकडच्या नाचात बक्षिसी देतात, आणि देणाऱ्याचं नाव मंचावरून पुकारतात. आपली दौलतजादाच. नाट्यगृहात तसलं काही करू नका.

मराठीत असं काही आहे का?

हे मला त्या रखवालदारांनीच विचारलं. ‘आपके यहाँ भी लोग घर छोड़के आते होंगे न?’ तेव्हा त्यांना अण्णा भाऊ साठे सांगितले. वाटेगावहून मुंबईला पायी आलेलं पोर, पुढे गिरणगावातला शाहीर. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड ऐकवली. पोटासाठी मुंबईत आलेला गडी आणि गावात राहिलेली त्याची मैना. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकली, एकही शब्द न विचारता. दागिने, शरीर, चाल यांचं वर्णन आलं तेव्हा मान हलली. प्यारी नवऱ्याचं जे वर्णन करते त्याची बहीणच ती.

मग मी म्हटलं, यातही आत दुसरा अर्थ आहे, तुमच्या ब्रह्म-मायेसारखा. ही मैना म्हणजे संयुक्त महाराष्ट्रातून बाहेर राहिलेला मुलूख. बेळगाव, कारवार, निपाणी. लढा झाला, १९६० साली मुंबईसह राज्य झालं.

‘और मैना?’

म्हटलं, मुंबई मिळाली. बेळगाव, कारवार, निपाणी नाही.

ते जरा विचार करून म्हणाले, ‘मतलब दरवाज़ा अभी खुला नहीं,’ आणि पाण्याचा टँकर आला म्हणून फाटकाकडे गेले.